अकरा चुलींची मोजणी

तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवलं, असं निरोप समारंभात सगळे म्हणाले. खरं सांगायचं तर तीस वर्षं मी मोजलं. माणसं मोजली, मतदार मोजले, पोलिओचे डोस मोजले, शौचालयं मोजली, एका उन्हाळ्यात तर विहिरींत दोर सोडून पाणीसुद्धा मोजलं. उरलेल्या वेळात पाढे घेतले. त्यामुळे निवृत्त झाल्यावर माझी इच्छा फार साधी होती. चार दिवस मला कुणी काही विचारू नये, मी कुणाला काही विचारू नये, आणि कुठल्याही रकान्यात कुणाचंही नाव लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये.

ही इच्छा घरी बोलून दाखवली तेव्हा नवरा म्हणाला, "मग मुरबाडला जाऊन ये ताईकडे." मुरबाडला माझी थोरली बहीण असते आणि तिच्या घरात प्रश्न न विचारता पाणीसुद्धा मिळत नाही. मी म्हटलं, "जाईन, पण सायकलने. धरणाच्या कडेकडेने, डोळखांबवरून, वाटेत तंबू ठोकत." त्यावर त्याने हातातला पेपर खाली ठेवला. माझ्या नवऱ्याने पेपर खाली ठेवणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट समजली जाते.

"गुडघे?" तो म्हणाला.

"ते पण येतायत," मी म्हटलं.

सायकल मुलीची. ती लग्न होऊन गेली, सायकल गॅलरीत राहिली, आणि चार वर्षं तिच्यावर आम्ही पायपुसणी वाळत घातली. तंबू मुलीनेच कुरियरने पाठवला. त्यातला माहितीचा कागद चिनी भाषेत होता, पण चित्रं होती आणि चित्रातला माणूस हसत होता. मी गच्चीवर तीन संध्याकाळ सराव केला. दोनदा तंबू माझ्यावर पडला. तिसऱ्यांदा तो उभा राहिला तेव्हा शेजारीण कठड्यावरून डोकावून म्हणाली, "पापडांसाठी चांगलं आहे हो, कुठे मिळालं?"

दिवाळी होऊन, तुळशीचं लग्न लागून, भातकापणी संपत आली होती. थंडी होती, पाणी धरणात काठोकाठ होतं. शनिवारी पहाटे शहापूरहून निघाले. कॅरिअरला तंबू, दोन बाजूंना शाळेच्या दोन जुन्या पिशव्या, त्यात चिवडा, दशम्या, टॉर्च, गुडघ्यांचा पट्टा. डोक्यावर हेल्मेट. हॅण्डलला किलोमीटर दाखवणारं एक इवलंसं यंत्र. आणि एक वही. वही कशाला घेतली, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक हाताला सवय होती.

पहिल्या फाट्यावर चहा घेतला. चहावाल्याने हेल्मेटकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्यावर लांबपर्यंत पाहिलं. आणखी कुणी येत नाही याची खात्री झाल्यावर त्याने विचारलं, "एकट्याच?"

"एकटीच."

"कुठं जायचं?"

"धरणाला वळसा घालायचाय."

त्याचा चेहरा एकदम कळवळला. "काय हरवलं? म्हैस?"

मी म्हटलं, तसं काही नाही, नुसतीच फेरी. पण त्या बाजूला पाण्याला वळसा घालून कुणी नुसतंच जात नाही. जनावर सुटलं तरच जातं. हे त्याच्या दृष्टीने इतकं उघड होतं की मी लाजेखातर खरं सांगत नाही, असा त्याने समज करून घेतला. त्याने चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. पुढच्या गावात पोचले तर एक बाई भाताचा भारा डोक्यावर घेऊन थांबली आणि म्हणाली, "काळी ना? शिंग मोडल्याली?" फोन माझ्या सायकलच्या पुढे धावत होता. तिसऱ्या गावात दोन माणसं रस्त्यातच उभी होती. म्हैस काल संध्याकाळी ओहोळ उतरून पलीकडे गेली, त्यांनी स्वतः पाहिली होती, आणि गाभण असावी असं त्यांचं मत होतं. मी भांडले. म्हटलं, माझी म्हैस नाही, मी शहापुरात दुसऱ्या मजल्यावर राहते. त्यावर थोरला धाकट्याला हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. जिवाला लागलंय."

सांगायला लाज वाटते, पण दुपारपर्यंत मलाही त्या म्हशीची काळजी वाटू लागली होती.

यंत्रावर अठ्ठावीस किलोमीटर झाले तेव्हा गुडघ्यांनी राजीनामा दिला. डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेने खाली उतरले तर समोर पाणी, काठावर पिवळं गवत, आणि उंचवट्यावर एक कातकऱ्यांची वाडी. अकरा घरं, कुडाच्या भिंती, काहींवर कौलं, काहींवर ताडपत्री. प्रत्येक घराच्या छपरातून धूर निघत होता. प्रत्येक घरापुढे दोरीवर लुगडं नाहीतर लेंगा वाळत होता. म्हटलं, वा! भरल्या वाडीशेजारी मुक्काम म्हणजे भीती नाही. वाडीपासून शंभर पावलांवर सपाट जागा पाहिली आणि तंबू ठोकला. बारा खुंट्या, लाल टोकाच्या, आणि त्यांना नारिंगी चमकत्या दोऱ्या. मग बाटली घेऊन पाणी मागायला पहिल्या घरी गेले.

दारात एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, अंगाने वाळलेली, नजर मात्र तिखट. माझं हेल्मेट डोक्यावरच होतं, वही काखेत. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "लिवा."

"काय लिहू?"

"ह्या घरान् मी ऱ्हाते. येकटी. लिवा."

मी म्हटलं, मावशी, मी काही लिहायला आले नाही. आणि पुढच्या घरी गेले, कारण बाटली अर्धीच भरली होती. दुसऱ्या घराला नुसतीच कडी होती, पण आत चूल पेटलेली. तिसऱ्या घराच्या दारात तांबडं लुगडं नेसलेली एक बाई आली, पदर पार नाकापर्यंत ओढलेला. बारीक आवाजात म्हणाली, "मी इथली सून. घरातली समदी रानान् गेलीत. लिवा." पदराखालून दिसत होतं तेवढ्यात सुनेच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता.

हजेरी घेताना दुसऱ्याच्या नावाला ओ देणारी पोरं मी फळ्याकडे तोंड करून ओळखत असे. मी चाल थोडी वाढवली. घरांच्या मागच्या बाजूने कुणीतरी धावत होतं. पाचव्या घरी पोचले तेव्हा आत खाटेवर एक पुरुष पाठमोरा पडला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि खोकत होता. खोकला खरा होता, कारण धावून धाप लागली होती. टॉवेलखालून लुगड्याचा हिरवा काठ बाहेर आला होता.

"मावशी," मी म्हटलं, "उठा. पडाल."

ती उठून बसली. मला वाटलं आता हसेल किंवा ओशाळेल. तिने टॉवेल सोडला, घडी घातली आणि रागाने म्हणाली, "येवडी घाई नाय करायची, बाई. अकरा घरां हायेत. मी येकटी मानूस."

मग तिच्याकडून सगळं कळलं. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. सगळी माणसं पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परत येतात. मागे ही एकटी राहते. सोमवारी मोजणीवाले येणार होते, वाडीखालची आणि वाडीभोवतीची जमीन मोजायला. जमीन वरच्या गावातल्या एका शेतकऱ्याची. त्याला ती पाण्याकाठचे बंगले बांधणाऱ्या एका पार्टीला द्यायची होती, आणि पार्टीला जमीन मोकळी हवी होती. मोजणीच्या कागदात अकरा राहती घरं आली तर वाडी वाडी राहणार होती. नाही आली, तर पावसाच्या तोंडाला माणसं परत येतील ती कुठे येतील, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आठ दिवस ही म्हातारी सकाळ-संध्याकाळ अकरा घरांत फिरून अकरा चुली पेटवत होती. लाकडं संपू नयेत म्हणून एका चुलीतलं जळतं लाकूड दुसरीत नेत होती. सकाळी अकरा दोऱ्यांवर कपडे घालायचे, संध्याकाळी काढायचे. कपडे कमी पडले तेव्हा तिने स्वतःच्या हिरव्या लुगड्याचे दोन तुकडे करून एक एका घरापुढे टाकला होता आणि दुसरा नेसली होती.

"आनि तुमी दोन रोज आधीच आल्याव," ती म्हणाली. "माजी तयारी नाय झाली."

मी शपथेवर सांगितलं की मी मोजणीवाली नाही. ती म्हणाली, "बरा." मग माझ्या तंबूच्या खुंट्यांकडे, त्यांच्या लाल टोकांकडे आणि नारिंगी दोऱ्यांकडे पाहून समजूतदारपणे म्हणाली, "साहेबांनी सांगू नको म्हनलं आसंल."

रविवारी उजाडता उजाडता तंबू माझ्या अंगावर बसला. गच्चीवरच्या अनुभवाने मी घाबरले नाही. कापडात चाचपडत होते तेवढ्यात बाहेरून कुणीतरी अतिशय अदबीने म्हणालं, "मॅडम, झोपा तुमी निवांत. आमी फक्त खुंट्या काढतोय."

डोकं बाहेर काढलं. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, बाजूला मोटारसायकल. हाच तो शेतकरी. उपटलेल्या खुंट्या त्याने रुमालाने पुसून, एकसारख्या लावून माझ्या पिशवीत ठेवल्या होत्या. बारापैकी एक वाकली होती ती दगडाने ठोकून सरळसुद्धा केली होती. मी तोंडाला येईल ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमचं खरं हाय. पन माझ्या जमिनीत कुनी खुंटी मारली का मला झोप लागत नाय. आज्याची आर्धी जमीन खुंट्या मारूनच पान्यात गेली." आणि त्याने धरणाकडे हात केला.

शहापुरात आमच्या नळाला पाणी येतं ते कुठून येतं, याचा मी कधी फार विचार केला नव्हता.

"म्हातारीला हाकलायचं नाय मला," तो म्हणाला. "माझ्या आज्यानंच बसवलीत ही मानसं. सनाला आमच्याकडनं तांदूळ जातो यांच्याकडं. फक्त कागदावर नको. पोरगा आटगाववरनं रोज मुंबईला नोकरीला जातो, तो काय चिखलात उतरनार हाय? जमीन विकायलाच लागंल. पार्टी बोलते, कागद क्लीन पायजे."

तो गेला. मी तोंड धुवायला पाण्यावर गेले आणि परत आले तर पिशवी रिकामी. म्हातारीने बाराही खुंट्या वाडीभोवती ठोकल्या होत्या. एक वाटेच्या तोंडाशी, एक आंब्याखाली, एक शेवटच्या घराच्या मागे, अशा वाडीला वळसा घालून. नारिंगी दोऱ्या तिने गाठी मारून जोडल्या होत्या, पण त्या पुरल्या नव्हत्या, म्हणून मध्ये माझी ओढणी बांधली होती. अकराही घरं आत बसवली होती. माझा तंबू बाहेर गवतावर पडून होता.

"आता बरोबर मोजा," ती म्हणाली.

त्या दिवशी असं चार वेळा झालं. मोटारसायकल आली की खुंट्या निघायच्या, पुसल्या जायच्या, पिशवीत जायच्या. मोटारसायकल चढावर दिसेनाशी झाली की पुन्हा वाडीभोवती लागायच्या. दोघं एकमेकांशी भांडत नव्हती. तो उपटायचा तेव्हा ती ओट्यावर बसून बघायची. एकदा तर त्याला एक खुंटी सापडेना, तेव्हा तिनेच सांगितलं, "आंब्याच्या मुळाशी बघ रं." मी खडकावर बसून चिवडा खात होते. मला एकटीला राहायचं होतं, शांततेत राहायचं होतं, आणि माझी शांतता ज्या बारा खुंट्यांवर उभी राहायची त्यांच्यासाठी दोन माणसं दिवसभर घाम गाळत होती. खडकावर थोडी रेंज यायची. बहिणीचा फोन आला.

"कुठे पोचलीस?"

"कालच्याच ठिकाणी आहे."

"का?"

"तंबूच्या खुंट्या मोकळ्या नाहीत."

माझ्या आठवणीत ताईला पुढचा प्रश्न सुचला नाही असं तेव्हाच एकदा झालं.

दुपारी तो चौथ्यांदा आला तेव्हा डबा घेऊन आला. त्याच्या बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि धरणातल्या माशांचं कालवण दिलं होतं. "तुमी आमच्या पाव्हन्या," तो म्हणाला, "भांडान आपल्या जागी." डबा दोघींना पुरेल एवढा होता, हे मी पाहिलं. तो गेल्यावर आम्ही दोघी आंब्याखाली जेवलो. कालवण तिखट होतं आणि इतकं चांगलं होतं की मी त्याच्यावरचा राग धरून ठेवू शकले नाही. याचा मला जास्तच राग आला.

जेवताना म्हातारी म्हणाली, "मागं येक बाई आल्ती. तुमच्यासारकीच, वही घेऊन. हितंच बसली, ह्याच आंब्याखाली. म्हनली, आजी, घरां तर बंद हायेत. मी म्हनलं, उघडून दावते. ती म्हनली, नको, ऊन हाय. बंद लिवलान नि गेली."

ती बाई मी नव्हते. या वाडीत मी कधी आले नव्हते. पण अशा कितीतरी आंब्यांखाली मी बसले होते, आणि 'घर बंद' हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले होते की ते लिहायला आता डोळ्यांची गरज नव्हती. ऊन होतं, बसची वेळ होती, संध्याकाळपर्यंत तक्ते द्यायचे होते. त्या प्रत्येक बंद घरामागे कुणीतरी चूल सारवून गेलं असेल, हे मला त्या आंब्याखाली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, पहिल्यांदा कळत होतं. फार लाज वाटली. भाकरी संपवली, हात धुतले आणि वही काढली.

तंबूची एक काठी पट्टीसारखी धरून रकाने आखले. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, एकूण माणसं, वय, सध्या कुठे. म्हातारी बघत होती. रेघा सरळ येतायत हे पाहून तिला माझ्याबद्दल पहिल्यांदाच विश्वास वाटला असावा. आम्ही घरोघर गेलो. या वेळी ती आधी धावली नाही. प्रत्येक घरात ती उंबऱ्यापाशी थांबायची, आत हात करायची आणि माणसं सांगायची. हा भाऊ, ही त्याची बायको, ही पोरं. ह्याचा पाय भट्टीवर भाजलाय. हिला आठवा महिना हाय. वयं तिला वर्षांत येत नव्हती. पुलाचं काम चालू होतं तेव्हा जन्मला, असं ती सांगायची, आणि मी आकडा काढायचे. तेवढ्यात चुलीत लाकूड सारणं चालूच होतं. संध्याकाळ होत आली होती आणि सोमवारसाठी धूर हवा होता.

अकरावं घर शेवटचं, पाण्याच्या बाजूला. दाराची चौकट वाळवीने खाल्लेली. आतली जमीन मात्र बाकी सगळ्या घरांपेक्षा नीट सारवलेली होती.

"हा माजा ल्योक," ती म्हणाली. "ही त्याची बायको. ही नात."

"नातीचं वय?"

"च्यार."

"हे कधी गेले?"

तिने बोटांवर मोजलं. एक हात संपला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट लागलं. सहा पावसाळे. सहा पावसाळ्यांपूर्वी ते लांबच्या भट्टीवर गेले, जिल्ह्याच्या बाहेर कुठेतरी. मुकादमाने नेलं. तो मुकादमही पुन्हा आला नाही. वाडीतल्या लोकांनी दोन-तीन भट्ट्यांवर विचारलं होतं.

"म्हणजे नात दहा वर्षांची झाली, मावशी."

"धा?" ती म्हणाली. तिने मांडीजवळ हात धरला होता, चार वर्षांच्या पोरीच्या उंचीला. तो हात तिने थोडा वर नेला, कमरेपर्यंत. माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने आणखी वर नेला, छातीपर्यंत, आणि तिथे तो हवेत तसाच धरून उभी राहिली. मी वहीत दहा लिहिलं. मी उगाचच दुसऱ्या रकान्यातली रेघ पुन्हा आखली.

ती रात्र मी तिच्याच घरात झोपले. तंबूच्या खुंट्या वाडीभोवतीच राहिल्या.

सोमवारी मोजणीवाले आले, दोन माणसं, एक तीन पायांच्या तिकाटण्यावरचं यंत्र घेऊन. मोटारसायकलवरून शेतकरी आला. अकरा घरांतून धूर निघत होता. म्हातारी हिरव्या लुगड्याचा उरलेला अर्धा तुकडा नेसून ओट्यावर बसली होती. मोठा मोजणीवाला घामाघूम होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पंच कुठायत? दोन पंच लागतात, सह्यांना."

शेतकरी म्हणाला, एक आहे, आपला चुलतभाऊ. दुसरा लग्नाला गेला होता, त्या दिवशी तालुक्यात जिकडेतिकडे लग्नं होती. मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्याच्या घरचं कालवण खाल्लेली, तालुक्याच्या गावची, शिकलेली बाई. "ह्या मॅडम हायेत की," तो म्हणाला. "शिक्षिका हायेत. खोटं सांगनार नायत."

मी उठले आणि मोजणीवाल्याच्या हातात वही दिली. त्याने रकाने पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते मी ओळखते. आयते सरळ तक्ते हातात पडले की माझंही असंच व्हायचं. "हे तर छानच झालं," तो म्हणाला आणि एकेक घर वाचत, धुराकडे बघत, आपल्या कागदावर उतरवू लागला. शेतकरी माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी दगा दिला होता, हे मला कळत होतं. त्याचा धुऊन पुसलेला डबा माझ्या पिशवीत होता.

दहाव्या घरानंतर मोजणीवाला चालत अकराव्या घराशी गेला. चौकटीला बोट लावलं, भुसा पडला. "हे राहतं घर आहे?" त्याने विचारलं. "नवरा, बायको, मुलगी, दहा वर्षं. 'सध्या कुठे'चा रकाना कोरा. कुठे आहेत हे लोक?"

मी म्हातारीकडे पाहिलं. परवाच जिने एकटीने सून आणि आजारी पुरुष करून दाखवला होता, तिला आता शब्द सुचेना. शेतकऱ्याला ते घर सहा वर्षं ओस आहे हे माहीत होतं. तो एक शब्द बोलला असता तर अकराचे दहा झाले असते, आणि एक घर खोटं निघालं म्हणजे बाकीच्या दहांवरही बोट ठेवता आलं असतं. तो आपल्या चपलेकडे बघत राहिला.

"राहतं घर आहे," मी म्हटलं. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे लावायचा माझा एक आवाज आहे, तो लावला. "भट्टीवर गेलेत. पावसाआधी येतील परत."

मोजणीवाल्याने लिहिलं. अकरा. मग कागद माझ्यापुढे धरला आणि पेन दिलं.

तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर घट्ट धरलं. म्हातारी होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला ते बघवेना.

"येनार हायेत?" ती म्हणाली. "तुमाला कोनी सांगितला, बाई? कंच्या भट्टीवर हायेत? पोर बरी हाय ना?"

"मॅडम, सही," मोजणीवाला म्हणाला. "अजून पुढच्या गावाला जायचंय."

मी सही केली. तिने माझं कोपर सोडलं नव्हतं.